पावणेचारच्या बसचे शिक्के

मिलिंद,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला कोपरखैरण्याच्या विहारात मला दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि मी तुझ्या अक्षरावर बोललो. कांबळेचं जॉब कार्ड म्हणजे छापल्यासारखं, ग्रीसच्या हाताने लिहितानाही त्याने कधी गिरगटलं नाही, असं काहीतरी. लोकांनी माना डोलावल्या. तुझे चुलते डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत तुझी सुनंदा, आमच्या सुनंदावहिनी, बसल्या होत्या, त्यांची मान मात्र हलली नाही. वजनात मारलंय हे कळूनही गप्प राहणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तीन मिनिटांत आटोपलं आणि चपला शोधायला बाहेर गेलो.

अठरा वर्षांची दोस्ती, आणि मला तुझं अक्षर सुचलं. सुचलं म्हणजे काय, तेवढंच सुरक्षित होतं.

जे बोलायचं होतं ते आता लिहितो. वहिनींना विचारून लिहितोय. हँगरमधले आपले लोक हे वाचतील, वाचोत. पण विमानं दुरुस्त होतात तो हँगर ज्यांनी पाहिलेला नाही असेही वाचतील, म्हणून तुला पाठ असलेलं थोडं सांगावं लागेल. तेवढं सहन कर.

वैमानिक ज्या दांड्यांनी आणि तारांनी विमानाची शेपटी हलवतो, त्यात कुणीही हात घातला की ते काम दोघांनी बघायचं असतं. काम करणारा पहिला शिक्का मारतो. मग ज्याचा त्या कामाला हात लागलेला नाही अशा दुसऱ्या इंजिनिअरने टॉर्च आणि आरसा घेऊन, शिडी चढून, स्वतःच्या डोळ्यांनी ते बघायचं आणि दुसरा शिक्का मारायचा. प्रत्येकाच्या शिक्क्यावर त्याचा त्याचा नंबर. दुसऱ्याने पहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच त्याचं काम.

आणि आपल्या कंपनीची नवी मुंबईची बस पावणेचारला सुटायची.

ती चुकली की कुर्ल्यापर्यंत लोंबकळत जा, तिथून वाशी, आणि वाशीहून कोपरखैरण्यापर्यंत रिक्षावाल्याच्या विनवण्या कर. ती मिळाली तर खाडीपुलावर कोंडी व्हायच्या आत माणूस पलीकडे, पाचला घरी. म्हणून सव्वातीन-साडेतीनला वाशी, तुर्भे, कोपरखैरण्याची मंडळी स्टोअरशेजारच्या बाकापाशी जमायची. ज्यांवर हे शिक्के पडतात ती जॉब कार्डं बाकावर मांडलेली असायची. ज्याचा दुसरा शिक्का राहिला असेल त्याला कुणीतरी तो मारून द्यायचं. "बसचे शिक्के राहिलेत का कुणाचे?" अशी उघड हाक यायची. आम्हाला त्यात चोरी वाटत नव्हती. उलट तो एकमेकांचा मान होता. माझ्याबद्दल म्हणायचे, केळकरने केलंय ना, मग बघायचं काय. कांबळेने केलंय, मग तर सोडूनच द्या.

तू एकटा खरोखर आरसा घेऊन जायचास. आठवड्यातून दोनदा तरी तुझी बस चुकायची आणि बसमध्ये तुझ्या नावाने हशा पिकायचा. कांबळे तोंड बघायला गेला, भांग पाडून येईल. हे वाक्य माझं होतं. लोकांना आवडलं म्हणून मी ते बऱ्याचदा म्हटलं.

त्या दिवशी तू शेपटीतल्या दांडीचा बोल्ट बदललास. नट आवळलास. नट कंपनाने फिरू नये म्हणून त्यातून एक बारीक तारेची पिन आरपार घालून वळवायची असते. ती घालायच्या आत तुला बाहेर उभ्या असलेल्या विमानाचं चाक बदलायला बोलावलं. पाऊण तासाने परत आलास, आणि पिन घातलीय असंच तुझ्या डोक्यात पक्कं होतं. हे कुणाचंही होतं. त्यासाठीच तर दुसरा माणूस असतो.

दुसरा माणूस मी होतो. झाकण अजून उघडं होतं, शिडी लावलेली होती. बाकापासून विमानापर्यंत साठेक पावलं असतील. डब्याची पिशवी माझ्या खांद्याला होती. कार्डावर तुझं ते छापल्यासारखं अक्षर पाहिलं आणि मी शिक्का मारला.

अकरा दिवसांनी दक्षिणेतल्या एका लहान विमानतळावर उतरताना त्या विमानाची शेपटी ऐकेना. वैमानिकाने इंजिनाच्या जोरावर कसंबसं खाली आणलं. पुढचं चाक मोडलं, विमान नाकावर घसरत गेलं. सगळे जिवंत राहिले. एका बाईची पाठ मोडली. घणसोली गावातल्या हिराबाई पाटील. त्यांची शेती या नव्या शहरात गेली होती, आणि मुलगा आईला पहिल्यांदा विमानात बसवून देवदर्शनाला घेऊन निघाला होता.

चौकशीला दिल्लीहून जे अधिकारी आले त्यांना तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, पिन घातल्याचं मला आठवत नाही, माझ्याकडून राहिली असणार. मग त्यांनी मला बोलावलं. मी सांगितलं, पिन होती, मी आरशात पाहिली. त्यांनी विचारलं, तिची टोकं कुठे वळवली होती? "खाली," मी म्हणालो. पापणी न हलवता. इतकं नेमकं खोटं मी तोवर कधी बोललो नव्हतो.

झालं असं की माझ्या खोट्यापुढे तुझं खरं टिकलं नाही. दोन शिक्के आणि एक साक्ष विरुद्ध 'आठवत नाही'. अहवालात आलं की पिन बहुधा सदोष असावी आणि तुटून पडली असावी. पिनांचं अख्खं खोकं भंगारात गेलं. तुझा परवाना रोखून धरला होता, तो परत मिळाला. बसबद्दल एक ओळ नाही. असणार कशी.

मी पेढे घेऊन तुझ्या घरी आलो होतो, आठवतं? मला खरंच वाटत होतं की मी तुला वाचवलं. वहिनींनी पेढे घेतले. चहा झाला आणि तू मला सोडायला म्हणून खाली रस्त्यापर्यंत आलास. मीच तोंड उघडलं, म्हटलं, परवाना सुटला की नाही?

"केळ्या, चूक माझी होती," तू म्हणालास. "ती तू पळवलीस. आता पुढच्या माणसाने शिकायचं कुठून?"

मी चिडलो. म्हटलं, एवढं आहे तर सांग जा त्यांना बसचं, सगळ्यांना बुडव. तू शांतपणे सांगितलंस की शिक्का मारला गेला तेव्हा तू बाकापाशी नव्हतास. जे तू पाहिलं नाहीस ते तू सांगणार नाहीस. "तुझं तू सांग. मी वाट बघीन."

तू वाट बघशील हे मला त्या वेळी धमकीसारखं वाटलं. तसं नव्हतं ते. पण कळायला मला सहा वर्षं लागली, आणि तोवर तू उरला नाहीस.

त्याच वर्षी तू ठरवलंस की विमान अपघातांचा तपास करायचा, तेच काम धरायचं. वहिनींना ते अजिबात पटलं नव्हतं. पगार कमी, फिरती जास्त, आणि आयुष्यभर मोडलेलं बघत बसायचं. तू तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडून मोडके शाफ्ट, तुटक्या स्प्रिंगा, गियरचे दात किलोवर आणायला लागलास. वन रूम किचनमध्ये जेवायच्या टेबलावर तो पसारा, आणि वहिनी ताट मांडीवर घेऊन जेवायच्या. मी आलो की माझ्या हातात भिंग द्यायचास. सांग, हे एका झटक्यात तुटलं की हळूहळू? मला काही दिसायचं नाही. मग तू बोट ठेवायचास. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर पाणी उतरल्याच्या रेघा असतात ना, तशा रेघा धातूवर दिसल्या की समजायचं, हे कित्येक दिवस तुटत होतं, कुणी बघितलं नाही.

मुलाखतीची तयारी तू माझ्याकडून करून घेतलीस. म्हणजे मी साहेब, तू उमेदवार, सोसायटीच्या गच्चीवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी विचारलं, तुम्हाला हे काम का करायचं आहे?

"एक अहवाल चुकीचा निघाला, सर. तो का चुकला ते मला माहीत आहे."

मी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हटलं, हे तिथे बोलू नकोस. तू हसलास. तिथे कोण बोलतंय, इथे बोलतोय, म्हणालास.

निवड झाली. आता दुसरं सांगतो, पहिल्याहून लहान नाही. कँटीनमध्ये तुझा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, त्यांचं बरं असतं, जागा राखीवच असते. निकालाची यादी मी स्वतः पाहिली होती. खुल्या यादीत तुझं नाव तिसरं होतं. टेबलावरचे चौघे हसले, आणि तेवढ्यात तू ट्रे घेऊन मागून गेलास. तू ऐकलंस की नाही हे मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी तू मला बसमध्ये खिडकीची जागा दिलीस, नेहमीसारखी. ऐकून दिलीस की न ऐकता, यावर मी किती डोकं खाजवलं असेन. विचारायला पाच शब्द पुरले असते. माफी मागायला तर एकच.

तू मला कामाच्या गोष्टी सांगायचास तेव्हा मी आवडीने ऐकायचो, हे खोटं नाही. डोंगरातून, शेतांतून, एकदा तर मिठागरातून परत यायचास, बूट दाराबाहेर धुवायचास आणि मग घरात पाय. साक्षीदाराला कधीच विचारायचं नाही की चूक कुणाची, हे तू मला शिकवलंस. आधी विचारायचं, त्या दिवशी डब्यात काय होतं? माणसाला डबा आठवतो. डब्यावरून जेवायची वेळ आठवते, कोण शेजारी बसलं होतं ते आठवतं, आणि मग बाकीचं आपोआप येतं.

एका रविवारी वाशीच्या बाजारात भाजी घेताना तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "केळ्या, त्या दिवशी तुझ्या डब्यात काय होतं रे?"

माझी साक्ष सुरू झाली हे मला कळलं. मी म्हणालो, आठवत नाही. आठवत होतं.

तू भाजीवाल्याकडे वळलास. मेथी निवडून घेतलीस, माझ्या पिशवीतही एक जुडी टाकलीस. त्यानंतर दोनदा तू तुझ्या खात्याचा भरतीचा फॉर्म माझ्यासाठी घेऊन आलास. तुला दिसतं रे, म्हणायचास, तू ये इकडे. मी वयाचं कारण सांगितलं, मुलीच्या बारावीचं कारण सांगितलं. खरं कारण एवढंच की टेबलाच्या त्या बाजूला बसून मला माझ्यासारख्याच माणसाकडे बघावं लागलं असतं, आणि तो म्हणाला असता, खाली वळवली होती.

मग तो ताप. जंगलात पडलेल्या एका विमानाच्या अवशेषांपाशी वीस दिवस काढून आलास तिथला, की आपल्या सेक्टरमागच्या नाल्यावरचा, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मलेरिया मेंदूत गेला म्हणाले. मी रोज येत होतो. रोज क्रिकेटचा स्कोअर सांगत होतो. एका दुपारी तू बराच शुद्धीवर होतास, माझ्याकडे नीट बघत होतास, आणि वहिनी औषध आणायला गेल्या होत्या. त्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी ठरवलं की ताप उतरला की सांगायचं, आत्ता कशाला त्रास. अशी दया मला नेहमी वेळेवर सुचते.

ताप उतरला नाही.

विहारातून आल्यावर दोन दिवस मी रजा टाकून घरी होतो. तिसऱ्या दिवशी उठून वहिनींकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शिक्का, आरसा, पिनेची टोकं, कँटीन. त्या भांडी विसळत होत्या. नळ बंद केला, हात पुसले.

"भावजी, तुम्ही रोज दवाखान्यात येत होतात," त्या म्हणाल्या. "एक दिवस तरी."

एवढंच. मी माफी मागितली नाही, कारण ती त्यांना द्यावी लागली असती, आणि आधीच त्यांच्यामागे कमी नव्हतं. मी म्हटलं, उद्या ऑफिसात जाऊन लिहून देतो. त्या म्हणाल्या, आधी जाऊन या, मग चहाला या. तसंच केलं.

तुझ्या ऑफिसात तुझी खुर्ची अजून तशीच आहे, पाठीला टॉवेल लावलेली. समोर तुझ्या हाताखाली शिकलेली मुलगी बसली होती, अठ्ठावीस-तीसची असेल. मी लिहून आणलेले चार कागद पुढे केले. तिने ते बाजूला ठेवले, वही उघडली आणि विचारलं, "काका, त्या दिवशी डब्यात काय होतं?"

"तोंडली," मी म्हणालो, आणि पुढचे दोन तास बोलत राहिलो.

तिने माझ्या शिक्क्यावर फार वेळ घालवला नाही. तिला बाक किती लांब आहे, कार्डं बाकापर्यंत येतात कशी, बस कुणाच्या सांगण्यावरून पावणेचारला सुटते, पाळी नक्की किती वाजता संपते, हे हवं होतं. मी गेली सहा वर्षं स्वतःला एकट्याला आरोपी समजून बसलो होतो. त्यातही ऐट होती, आता कळतं. जी गोष्ट रोज बारा जण करत होते ती मी माझं खाजगी पाप म्हणून कुलपात ठेवली, आणि तिकडे रोज शिक्के पडत राहिले. मी सांगत होतो त्या दिवशीसुद्धा पडले असतील.

जुना अहवाल पुन्हा उघडायचा की नाही ते दिल्ली ठरवेल. माझा परवाना आणि शिक्का मी जमा केलाय. परत मिळेल की नाही सांगता येत नाही. पण कार्डं आता विमानापासून हलत नाहीत, दुसरा शिक्का शिडीपाशीच पडतो. बस सव्वाचारला सुटते. पुलावर मरणाची कोंडी असते म्हणे, लोक पावणेसहाला घरी पोचतात. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. तिसरा फोनवर म्हणाला, केळकर, आमची पोरं आता बापाला ओळखेनाशी होतील, देव तुझं भलं करो. त्याने फोन मात्र स्वतःहून केला होता.

तुझ्या खात्याचा तो फॉर्म मी या वेळी भरलाय. वयाच्या मर्यादेला चार महिने उरलेत. परवान्याविना घेतील असं वाटत नाही. नाही घेतलं तर पुढच्या हँगरमध्ये जाऊन तिथली पावणेचारची बस कोणती ते शोधून देईन, त्याला परवाना लागत नाही. तुझ्या हाताखालची ती मुलगी म्हणाली, काका, तुम्ही या, तुम्हाला माहीत आहे कुठे बघायचं. मी जाणार आहे.

एक जागा राहिली होती. तू दर वर्षी घणसोलीला हिराबाईंना भेटायला जायचास हे मला ठाऊक होतं. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सहा वर्षांत मी त्या गावाच्या रस्त्याने गेलोसुद्धा नाही.

काल गेलो. नव्या बिल्डिंगींच्या मधे दबलेलं घर, पुढे ओटी. हिराबाई खाटेवर होत्या, पाठीला दोन उशा. सरळ बसता येत नाही त्यांना, एका अंगावर कलून बसतात. मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, कोन तुमी? मी म्हटलं, मी कांबळेसाहेबांच्या ऑफिसातला. नाही, ऑफिसातला नाही, आधीच्या कंपनीतला.

तू गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पुढ्यातल्या सुपातल्या सोड्यांवरून, वाळवलेल्या कोळंबीवरून, हात फिरवला.

"दर वर्साला येयाचा तो," त्या म्हणाल्या. "येऊन बोलायचा, मावशे, आमच्यानं चूक झाली. मी बोलली, तू एकटा तर येतस, आमच्यानं कसं? तर बोलला, आमी दोघं होतो. दुसरा पन येनार हाय, त्याचा त्यो सांगंल."

मग त्यांनी मान वळवून, पाठ दुखत असतानाही, माझ्याकडे पुरतं बघितलं.

"तुमी ते दुसरे काय?"

हो, मी म्हणालो.

"मंग बसा," त्या म्हणाल्या, आणि खाटेवर थोड्या सरकल्या.